मंडपेश्वर ते वसई : पडक्या मठांच्या वारसाफेरीचे परीक्षण

दहिसरला राहायला येऊन मला 22 वर्षे झाली. या काळात बोरिवलीच्या आय. सी. कॉलनीतून शेकडो वेळा रिक्षाने गेलो असेन. परंतु ही 'आय. सी.' अक्षरे मेरीमातेच्या निष्कलंक गर्भसंभवाला, म्हणजे 'इमॅक्युलेट कन्सेप्शन'ला, वाहिलेल्या चर्चवरून आली आहेत आणि त्या चर्चची कहाणी मंडपेश्वर गुंफांच्या माथ्यावरील पडक्या मठाशी जोडलेली आहे, हे मला गेल्या जानेवारीतील एका रविवारी प्रथम नीट समजले. उत्तर मुंबईतील काही अभ्यासू मंडळी हिवाळ्याच्या महिन्यांत 'मंडपेश्वर ते वसई' अशी दिवसभराची वारसाफेरी काढतात. माणशी 1,100 रुपये घेतात आणि त्यात बस, नाश्ता, दुपारचे जेवण आणि मार्गदर्शन येते. आम्ही 18 जण होतो. पैसे पूर्णपणे वसूल झाले, असे मी निःसंकोच सांगेन; तरीही दोन गोष्टींबद्दल माझी तक्रार आहे आणि ती पुढे स्पष्टपणे मांडतो.

फेरीची सुरुवात मंडपेश्वरला झाली. आमच्या मार्गदर्शक पेशाने वास्तुरचनाकार. सगळे त्यांना ताई म्हणत होते. त्यांनी आम्हाला लगेच गुंफेत नेले नाही. समोरच्या मोकळ्या जागेत उभे करून नुसते पाहायला सांगितले. खाली डोंगर आत कोरत नेऊन मागे ठेवलेले खांब, आणि त्यांच्या डोक्यावर, त्याच डोंगराच्या पाठीवर, घडीव दगड चुन्यात बसवून उभ्या केलेल्या बिनछपराच्या भिंती. खालचे काम सहाव्या ते आठव्या शतकांच्या दरम्यानचे आणि शैवांचे. वरचे सोळाव्या शतकातील, फ्रान्सिस्कन धर्मसंघाचे. हे दोन्ही एकाच नजरेत मावते अशी दुसरी जागा मुंबईत माझ्या तरी पाहण्यात नाही.

आत गेल्यावर ताईंनी इतिहास सांगितला तो कागदपत्रांच्या भाषेत, आवाज न चढवता. फ्रेई आंतोनियो द पोर्तो हा फ्रान्सिस्कन पाद्री 1540 च्या दशकात साष्टीत, म्हणजे बोरिवली-अंधेरीच्या या बेटावर, आला. वसईचा मुलूख गुजरातच्या बहादूरशहाकडून 23 डिसेंबर 1534 च्या तहाने पोर्तुगीजांच्या हाती गेला होता आणि पाठोपाठ धर्मसंघही येत होते. गुंफेचे चॅपेल, म्हणजे छोटे प्रार्थनागृह, झाले, वर मठ उभा राहिला, धर्मांतरित कुटुंबांतील मुलांसाठी तेथे शाळा चालू लागली आणि पोर्तुगालचा राजा जुआंव तिसरा याच्या आज्ञेने देवस्थानाच्या जमिनींचे उत्पन्न मठाकडे वळले. या शेवटच्या मुद्द्यावर ताई थोड्या रेंगाळल्या आणि ते मला फार महत्त्वाचे वाटले. मठ म्हणजे केवळ प्रार्थनेची जागा नव्हती; ती शेती, कुळांचा खंड, कोठार आणि शाळा सांभाळणारी संस्था होती, आणि तिचे पोट ज्या जमिनीवर भरत होते ती जमीन आधी कोणत्या देवाच्या नावावर होती, हे सांगितल्याशिवाय त्या भिंतींचा इतिहास पुरा होत नाही.

गुंफेच्या डाव्या अंगाला एका भिंतीवर मोठा क्रूस आहे. तो वेगळा करून लावलेला नाही. तेथे आधी असलेला शिल्पपट तासून त्याच्याच दगडातून तो उठवलेला आहे आणि बारकाईने पाहिले तर कडेला जुन्या आकृतींच्या खुणा अजून दिसतात. आमच्यातील एका तरुणाला हे पाहून संताप आला आणि त्याने तो बोलूनही दाखवला. ताईंनी त्याला थांबवले नाही, समजूत घालण्याचा प्रयत्नही केला नाही. त्याचे बोलणे संपल्यावर त्यांनी आम्हाला आतल्या दालनात नेले आणि नृत्य करणारा शिव दाखवला. अंग झिजलेले, हात तुटलेले. पण कमरेचा बाक आणि भोवतीच्या देवगणांची दाटी अजून जिवंत आहे. चॅपेलसाठी पाद्र्यांनी गुंफेत भिंती घातल्या आणि गिलावा केला, त्याच्याआड बरीच शिल्पे झाकली गेली. एका भिंतीवर छिन्नी चालली आणि दुसरी भिंत चुन्याखाली राहिली, या दोन्ही गोष्टी त्यांनी शेजारी शेजारी ठेवल्या आणि निष्कर्ष आमच्यावर सोडला. अशा जागेवर बोलताना एवढा तोल राखणे सोपे नसते.

मंडपेश्वरला पुढे 1739 साली मराठ्यांचा अंमल आला, पाद्री निघून गेले आणि मठ ओस पडला. आज गुंफेच्या गाभाऱ्यात शिवलिंगाची पूजा होते, महाशिवरात्रीला गर्दी लोटते, आणि संपूर्ण स्थळ पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. फ्रान्सिस्कनांचा या टेकडीशी असलेला संबंध मात्र नव्या रूपाने परत आला: 1901 मध्ये ब्रदर पाउलुस मोरिट्झ यांनी माउंट पोयसर येथे फ्रान्सिस्कन ब्रदर्सचा संघ स्थापन केला आणि त्यांच्या शाळेत उत्तर मुंबईतील कितीतरी मराठी मुले शिकली. आमच्या गटातील दोघे त्याच शाळेचे माजी विद्यार्थी होते. शाळेच्या आवारातून रोज दिसणारी ती भिंत कशाची आहे, हे त्यांनाही त्या दिवशीच नीट कळले.

दिवसातील सर्वांत समृद्ध अर्धा तास मात्र वरच्या मठात गेला. नुसते पाहणाऱ्याला तेथे पडक्या भिंती आणि वाढलेले गवत याखेरीज काही दिसणार नाही. ताईंनी एका भिंतीतील चौकोनी खळगा दाखवला आणि त्यात हात घालायला सांगितले. माझा हात कोपरापर्यंत आत गेला. ती वरच्या मजल्याची तुळई बसवण्याची खोबण होती. तशाच खोबणी एका रेषेत दाखवत त्यांनी भिंतीवर अदृश्य मजला आखून दिला; मग खिडक्यांच्या बाजू आतल्या अंगाला का फाकत गेल्या आहेत ते सांगितले. भिंत जाड असली की खिडकी बोगद्यासारखी होते. कडा तिरक्या कापल्या की तोच उजेड खोलीभर पसरतो. दगडांच्या सांध्यातील चुन्याचा एक सुटा तुकडा त्यांनी तळहातावर घेतला. त्यात शिंपल्याची पांढरी कपची स्पष्ट दिसत होती. किनाऱ्यावरचे शिंपले भाजून केलेला हा चुना, आणि तो मळणारे, दगड घडवणारे हात इथलेच, हे त्यांनी एवढ्या साधेपणाने सांगितले की 'पोर्तुगीज वास्तू' हा शब्द उच्चारताना मी त्यानंतर प्रत्येक वेळी थबकतो आहे. नकाशा लिस्बनचा असेल, पण टाकी आणि थापी साष्टीची होती.

आता पहिली तक्रार. फेरीच्या माहितीपत्रकावर ठळक अक्षरांत 'बरोक मठांची सफर' असे छापले आहे आणि ते बरोबर नाही. बरोक हा शब्द पोर्तुगीज भाषेतील ओबडधोबड मोत्याच्या नावावरून आला असे मानले जाते. ती शैली रोममध्ये सोळाव्या शतकाच्या अखेरीस आकाराला आली आणि सतराव्या शतकात बहरली. त्याआधी अर्धे शतक बांधलेला मंडपेश्वरचा मठ मुळात बरोक असूच शकत नाही, आणि वसईतील जेझुइट या दुसऱ्या धर्मसंघाच्या चर्चचे दर्शनी काम पाहताना मन प्रबोधनकाळाच्या उत्तरार्धाकडे जाते. ताईंना हे पक्के ठाऊक होते. मी विचारल्यावर त्यांनी लगेच मान्य केले आणि त्यानंतर जे सांगितले ते माहितीपत्रकात असायला हवे होते. पोर्तुगीज मठांत बरोक अवतरला तो मुख्यतः आतल्या सजावटीत: सोनेरी मुलाम्याचे कोरीव लाकडी अल्तार, पिळाचे खांब, वेलबुट्टी आणि देवदूत, रंगवलेली छते, आणि अंधाऱ्या सभागृहाच्या टोकाला मेणबत्त्यांच्या उजेडात झळाळणारी वेदी. गोव्यात असिसीच्या सेंट फ्रान्सिसचे चर्च 1661 साली नव्याने बांधले गेले, तेथे हा थाट आजही पाहता येतो. आपल्याकडील मठांतून लाकूड, सोने आणि रंग सारेच नाहीसे झाले आहे. दिसतो तो सांगाडा, आणि सांगाड्यावर शैलीचे नाव चिकटवून प्रेक्षकाची अपेक्षा वाढवणे योग्य नाही. आयोजकांनी ते शीर्षक बदलावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

बसमधील पाऊण तास फुकट गेला नाही. घोडबंदरच्या पुलावरून खाडी ओलांडताना ताईंनी परळच्या हाफकिन संस्थेची वास्तू आठवायला सांगितली. तीही मूळची मठाची. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्रजांनी ती पाद्र्यांकडून काढून घेतली, पुढे तेथे मुंबईच्या गव्हर्नरांचे निवासस्थान झाले आणि 1899 साली वाल्देमार हाफकिन यांची प्लेगची प्रयोगशाळा तेथे आली. दोन साष्टींचा गोंधळही त्यांनी दूर केला. पोर्तुगीज कागदांत उत्तर कोकणातील साष्टी आणि गोव्यातील साष्टी या दोन्हींसाठी एकच नाव येते, त्यामुळे 1616 साली प्रसिद्ध झालेले मराठी ख्रिस्तपुराण रचणारे फादर थॉमस स्टीफन्स आपल्या बोरिवली-अंधेरीच्या साष्टीत वावरले असे अनेकांना वाटते. त्यांची कर्मभूमी गोव्याची साष्टी होती. मीही इतकी वर्षे हीच चूक करत आलो होतो.

वसईच्या किल्ल्याविषयी आपल्याकडे बोलले जाते ते चिमाजी अप्पांच्या मोहिमेविषयी, आणि ते स्वाभाविक आहे. मे 1739 मध्ये किल्ला पडला तेव्हा उत्तर कोकणातील पोर्तुगीज सत्ताच संपली. परंतु त्या तटाच्या आत फ्रान्सिस्कन, जेझुइट, डॉमिनिकन, ऑगस्टिनियन अशा वेगवेगळ्या धर्मसंघांचे मठ असलेले एक संपूर्ण शहर दोनशे वर्षे नांदत होते, याकडे किल्ला पाहायला आलेल्यांचे क्वचितच लक्ष जाते. ही फेरी नेमकी त्या शहरातून जाते. जेझुइटांच्या चर्चपाशी ताईंनी बराच वेळ घेतला. त्यांचे विद्यालय आणि चर्च 1540 च्या दशकाच्या शेवटी सुरू झाले. दर्शनी भिंतीवर मधल्या कमानीच्या दोन्ही अंगांना उभे खोबणीदार खांब आहेत, शेजारी चौकोनी मनोरा आहे, आणि आतल्या बाजूला विद्यालयाचा चौक व त्याभोवतीच्या ओवऱ्या आहेत. ओवऱ्या हा ताईंचाच शब्द. मठातील भिक्षू पावसात न भिजता चौकाभोवती फिरत जप करू शकावेत म्हणून केलेली ही सोय आपल्या देवळांच्या प्राकाराशी किती मिळतीजुळती आहे, हे त्या एका शब्दाने समजले.

येथेच त्यांनी जी गोष्ट सांगितली ती मला दिवसभरातील सर्वांत मोलाची वाटते. जुन्या गोव्यातील बॉम जेझूस बॅसिलिका ही भारतातील बरोक वास्तुकलेचे ठळक उदाहरण मानली जाते. तिचे बांधकाम 1594 मध्ये सुरू झाले आणि 1605 मध्ये ती पूर्ण झाली. गोव्याचा जांभा सच्छिद्र, त्यावर बारीक नक्षी टिकत नाही. म्हणून तिच्या दर्शनी भागावरील खांब आणि कोरीव काम ज्या काळ्या दगडात आहे तो वसईहून गलबतांनी नेला, असे सांगितले जाते. म्हणजे बरोक पाहायला आपण गोव्याला जातो, आणि तो ज्या दगडात कोरला आहे तो आपल्याच किनाऱ्याचा. हे ऐकल्यावर जेझुइट चर्चच्या खांबावरील खोबणींकडे मी नव्या नजरेने पाहिले. कडा अजून बोटाला लागतात.

वसईचेच सुपुत्र गोन्सालो गार्सिया यांची कथाही येथे येते. 1557 च्या सुमारास वसईत जन्मलेले, जेझुइटांकडे वाढलेले, पुढे फ्रान्सिस्कन बंधू झालेले आणि 5 फेब्रुवारी 1597 रोजी जपानमध्ये नागासाकीला क्रूसावर मृत्यू पत्करलेले हे भारताचे पहिले संत. पोपनी त्यांना 1862 साली संतपद दिले. त्यांच्या सणासाठी वसईतील ख्रिस्ती लोक आजही मोठ्या संख्येने किल्ल्यात जमतात आणि मराठीतून मिस्सा, म्हणजे सामूहिक उपासना, होते.

फ्रान्सिस्कनांचे सेंट अँथनीचे चर्च आम्ही शेवटी पाहिले. छताचा पिंपासारखा गोलावलेला थोडा भाग अजून टिकून आहे आणि जमिनीवर थडग्यांच्या शिळा एकीला लागून एक अशा पसरल्या आहेत. अक्षरे झिजलेली आहेत. ताईंनी बाटलीतील थोडे पाणी एका शिळेवर शिंपडले, तिरक्या उन्हात अक्षरांच्या कडा उठून दिसू लागल्या आणि त्यांनी पोर्तुगीज मजकूर सावकाश मोठ्याने वाचून मराठीत सांगितला: ही समाधी अमक्याची आणि त्याच्या वारसांची. कितीतरी शिळांवर हेच शब्द आहेत. आमच्यात उत्तनकडच्या एक ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्या मूळच्या ख्रिस्ती समाजातील, आजी होत्या. दिवसभर फारशा बोलल्या नव्हत्या. त्या गुडघे टेकून खाली बसल्या, रुमालाने शिळेवरची वाळलेली पाने बाजूला केली, क्रूसाची खूण केली आणि उठताना एवढेच म्हणाल्या, "माझ्या आजीच्या तोंडी हे 'एर्देरू' होतं बरं का. म्हणजे वारसदार." त्यानंतर शिळांवरून चालताना सगळेच जण कडेकडेने पाऊल टाकू लागले.

घंटांबद्दलही सांगायला हवे. वसईच्या विजयानंतर येथील चर्चच्या घंटा सरदारांनी आपापल्या मुलखातील देवस्थानांना वाहिल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिराच्या घंटेवर 1721 हे साल आहे; मेणवलीच्या घाटावरील घंटेवर बाळ येशूला घेतलेली मेरी आहे; भीमाशंकरलाही अशी घंटा आहे. मेणवलीची घंटा मी लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून वाजवली होती. वसईतील रिकाम्या मनोऱ्याखाली उभे राहून तो नाद आठवला तेव्हा जे वाटले ते मला नीट शब्दांत सांगता येणार नाही. मठांचे लाकूड आणि सोने गेले, पण त्यांचा आवाज सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना अजून टिकून आहे. ताईंनी या घंटांची छायाचित्रे छापून आणली होती आणि ती हातोहात फिरवली. ही तयारी विशेष दाद देण्याजोगी आहे.

दुसरी तक्रार वेळेच्या नियोजनाची. बस सकाळी 35 मिनिटे उशिरा आली आणि ती भरपाई वसईच्या वाट्यातून कापली गेली. डॉमिनिकनांच्या चर्चसमोरून आम्ही अक्षरशः धावत गेलो आणि ऑगस्टिनियनांचा मठ वगळावा लागला. माफी मागितली गेली, परंतु दुपारच्या जेवणाला दीड तास राखून ठेवण्याऐवजी तो एक तासाचा केला असता तरी हे टळले असते. जेवण चांगले होते, हे मान्य करतो: फुगे नावाचे तळलेले गोल पाव, ईस्ट इंडियनांच्या बाटली मसाल्यातील कोंबडी, शाकाहारींसाठी वालाची उसळ आणि शेवटी वसईची सुकेळी, म्हणजे सुकवलेली केळी. त्याखेरीज किल्ल्याचा साधा आराखडा प्रत्येकाच्या हाती द्यायला हवा होता. वाढलेल्या झाडीत कोणता मठ कोठे संपतो आणि कोणता सुरू होतो ते नवख्याला उमगत नाही. लग्नापूर्वीच्या छायाचित्रणासाठी आलेल्या जोडप्यांची गर्दीही त्रासदायक होती. त्यातील एक जण खिडकीच्या कमानीवर चढला असताना ताईंनी त्याला सौम्य पण ठाम शब्दांत खाली उतरवले.

डिसेंबर ते फेब्रुवारी हेच महिने योग्य. मार्चनंतर वसईच्या उघड्या अंगणात दुपारी उभे राहवत नाही. पायांत घट्ट बूट हवेत, पाणी आपले आपण न्यावे, आणि किल्ल्यात स्वच्छतागृहांची सोय पुरेशी नाही हे ज्येष्ठांनी लक्षात घ्यावे. दहा वर्षांवरील मुले कंटाळणार नाहीत. आमच्यातील एक सातवीतील मुलगी तर तुळयांच्या खोबणी शेवटपर्यंत मोजत होती आणि तिने वहीत काढलेला मठाचा मजला ताईंनी आपल्या मोबाइलवर टिपून घेतला.

वगळलेल्या ऑगस्टिनियन मठासाठी अर्ध्या दिवसाची वेगळी फेरी काढण्याचे आयोजकांनी परतीच्या बसमध्येच कबूल केले आणि आम्हा 18 जणांकडून तिचे पैसे घ्यायचे नाहीत असेही ठरले. माझे नाव मी त्याच वेळी नोंदवले. या वेळी आईला सोबत नेणार आहे. मेणवलीच्या घंटेचा फोटो तिच्या जुन्या संग्रहात कोठेतरी असणार, तो शोधायला तिने कालच सुरुवात केली.